मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करणाऱ्यांनो, तुमची बोटं कुठल्या मांडणीवर बसलीत?

टाइपवाला_शहापूर | सोमवार, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसताच वाचत होतो. आज एक पेच पडलाय म्हणून धागा काढतोय.

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फलक, सोसायट्यांचे अहवाल, तालुका कचेरीत द्यायचे अर्ज, असलं सगळं. सकाळी येळ्ळूरच्या घरची पत्रिका मराठीत आणि दुपारी तिचीच कन्नड प्रत, कारण मुलीकडचे बैलहोंगलचे. दुकानांच्या पाट्यांवर आता ६० टक्के कन्नड लागतंय, त्यामुळे ते काम तर वाढतच चाललंय.

मी शिकलो टाइपरायटरवर, रेमिंग्टन मांडणीत. म्हणजे अर्धा ण आधी मारायचा आणि मग काना देऊन तो पुरा करायचा. 'कि' लिहायचा तर वेलांटी आधी, क नंतर. पुढे संगणक आला तेव्हा श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरात तीच मांडणी लावून घेतली आणि पंचवीस वर्षं तीच ओढतोय. कन्नडला नुडी हे सॉफ्टवेअर, त्याच्या मांडणीची तऱ्हा निराळी. मोबाइलवर तिसरंच, इंग्रजी अक्षरं मारून मराठी. एका डोक्यात तीन पेट्या. संध्याकाळी दमलं की नुडीत मराठीची बोटं पडतात आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं.

आता पेच असा की दुकानात एक मुलगी कामाला आलीय. बारावी झालेली, मराठी शाळेतली, कन्नडही चांगलं आहे तिचं. मोबाइलवर तुफान लिहिते, पण कीबोर्डवर मराठी कधी केलेलं नाही. तिला काय शिकवू? माझं रेमिंग्टन माझ्याबरोबरच म्हातारं झालंय. मग सरकारी मानकातली इन्स्क्रिप्ट मांडणी शिकवू, की जे येतंय त्यावरच, इंग्रजी अक्षरांतून, म्हणजे फोनेटिकवर, चालवू दे?

'हेच शास्त्रशुद्ध' असलं काही सांगू नका. तुमच्या हाताला काय सोसलं ते सांगा.

निपाणी_ते_बेंगळुरू | सोमवार, रात्री १०.०५

फोनेटिक. चौदा वर्षं. विषय संपला.

टाइपवाला_शहापूर | सोमवार, रात्री १०.११

संपला कसा भावा, आत्ताच तर काढलाय.

नंदगडचे_मास्तर | सोमवार, रात्री १०.४०

माझं सांगतो. मी खानापूर तालुक्यात शिक्षक होतो, आता निवृत्त. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा मराठी लिहायला त्यात काहीच नव्हतं. एका कन्नड शिक्षक मित्राने 'बरहा' टाकून दिलं. १९९८ साली निघालेलं ते सॉफ्टवेअर, मूळ कन्नडसाठी, पण त्यात देवनागरीही होती. इंग्रजी अक्षरं मारायची, समोर मराठी उमटतं. मला तर जादूच वाटली. शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका मी कन्नड माणसाने बनवलेल्या सॉफ्टवेअरवर मराठीत काढल्या आहेत, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

पण बरहात शिस्त होती. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. नियम पाठ केले की शब्द जसा मनात तसा कागदावर. आताच्या मोबाइलातल्या फोनेटिकमध्ये ती शिस्त गेली. ते तुमच्याऐवजी विचार करतं. मी 'अनगोळ' लिहायला जातो, ते मला 'अंगोल' देतं. 'सुळगा'चं 'सुलगा' करतं. आपल्या भागात ळ नसलेलं गाव शोधावं लागतं. बेळगाव, अनगोळ, सुळगा, कंग्राळी, बेळगुंदी, येळ्ळूर. यादीतून निवडत बसायचं म्हटलं तर एका पत्त्यात दहा मिनिटं जातात.

म्हणून निपाणीकर, 'फोनेटिक' म्हणजे नेमकं कुठलं ते सांगा. नियमाचं की अंदाजाचं? दोन्हींत फार फरक आहे.

निपाणी_ते_बेंगळुरू | सोमवार, रात्री ११.१५

सर, बरोबर पकडलंत. नियमाचं. विंडोज १० मध्ये २०१९च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळतं, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडायचं फक्त. अंदाजाचं मी मोबाइलवरच वापरतो, तेही आईला 'जेवलो' कळवण्यापुरतं.

माझं आणखी एक खूळ सांगून टाकतो, हसू नका. इंग्रजीसाठी मी क्वर्टी, म्हणजे नेहमीची इंग्रजी मांडणी, सोडून ड्वोरॅक धरलंय. नोकरीत दिवसभर कोड लिहायचा, मनगटं दुखायला लागली म्हणून बदललं. क्वर्टी ही शोल्सच्या टाइपरायटरची, १८७०च्या दशकातली मांडणी. ऑगस्ट ड्वोरॅकने १९३६ साली आपल्या मांडणीचं पेटंट घेतलं. त्याने सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ठेवले आणि जास्त लागणारी व्यंजनं उजव्या हाताला दिली. पहिले दोन महिने मी शाळकरी पोरासारखा एकेक कळ शोधत होतो. साहेबांनी विचारलं, बरं नाही का तुला? आता क्वर्टीवर परत जाववत नाही. मनगट बरं झालं ते ड्वोरॅकमुळे की खुर्ची बदलली म्हणून, ते मात्र मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

टिळकवाडीची_अनुवादक | मंगळवार, सकाळी ७.२०

निपाणीकर, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्याला ही जी गोष्ट आपण ड्वोरॅककडून कौतुकाने घेतलीत, ती आपल्याकडे १९८६ पासून आहे. तिला इन्स्क्रिप्ट म्हणतात.

मी कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करते. दिवसातून पन्नास वेळा भाषा बदलते, म्हणून माझं मत एकतर्फी आहे हे आधीच कबूल करते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली, आयएस १३१९४. सरकारी मानक म्हटलं की आपण नाक मुरडतो. मीही मुरडलं होतं. पण ही मांडणी ज्यांनी कोणी बसवली त्यांनी वर्णमाला समोर ठेवून बसवली आहे.

बघा. क आहे के या कळीवर. त्याच्या बरोबर वरची कळ आय, तिच्यावर ग. शिफ्ट धरलं की क चा ख आणि ग चा घ. एल वर त, वरच्या ओ वर द. एच वर प, वरच्या वाय वर ब. म्हणजे वर्गातलं पहिलं अक्षर मधल्या ओळीत, तिसरं त्याच्या डोक्यावर, दुसरं आणि चौथं शिफ्टमध्ये. डाव्या हाताला तसंच, पहिली वेलांटी एफ वर आणि दुसरी तिच्या वर आर वर. पहिला उकार जी वर, दुसरा वर टी वर. एक मात्रा एस वर, दोन मात्रा डब्ल्यूवर. पहिलीत पाठ केलेलं क ख ग घ एवढ्या वर्षांनी कामी येतंय.

आणि सीमाभागासाठी खरी गंमत पुढे आहे. कन्नडलाही हेच. क त्याच कळीवर, त त्याच कळीवर, ळ शिफ्ट-एन वर, मराठीतही आणि कन्नडमध्येही. विंडोजची कळ आणि स्पेस दाबायचं, लिपी बदलते, बोटं हलतसुद्धा नाहीत. टाइपवाले दादा, तुमच्या तीन पेट्यांतल्या दोन एका फटक्यात कमी होतील.

एक दोष सांगते, नाहीतर जाहिरात वाटेल. म, न, व ही तीन अक्षरं खालच्या ओळीत सी, व्ही, बी वर आहेत, म्हणजे व्यंजनं असून डाव्या हाताला. ती मराठीत पावलोपावली लागतात. 'मनमानी' हा शब्द अख्खा डाव्या हाताने लिहावा लागतो, उजवा नुसता बसून असतो. 'नवनवीन'चंही तेच.

हिंडलगा_वेस | मंगळवार, सकाळी ८.०२

म्हणजे काका दोन्ही हातांनी आणि मामा एकाच हाताने. घरोघरी हेच की.

टिळकवाडीची_अनुवादक | मंगळवार, सकाळी ८.१०

हो, आणि नानासुद्धा. दादा मात्र दोन्ही हातांनी.

चिकोडी_अक्का | मंगळवार, दुपारी १.३५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चूकभूल माफ.

मी सरकारी नोकरीत आहे, कुठल्या खात्यात ते विचारू नका. ऑफिसात सगळं कन्नड, आणि तिथे नुडीच चालतं. त्यातली मांडणी के. पी. राव यांनी बसवलेली, राज्य सरकारने तीच प्रमाण धरलीय. वरच्या ताई म्हणतात तशी इन्स्क्रिप्ट कितीही सुंदर असली तरी माझ्या मशिनवर ती कोण लावून देणार? मशीन माझं नाही, टेबल माझं नाही, मांडणी माझी कुठून असणार.

पण ती मांडणी वाईट आहे असं समजू नका हं. एका कळीला एक अक्षर, इंग्रजीच्या आवाजाप्रमाणे. के ला क, जी ला ग. व्यंजन मारलं की त्यात अ असतोच, जोडाक्षर करायचं तर मध्ये एफ मारायचा. नोकरी लागली तेव्हा तीन आठवड्यांत हात बसला माझा.

वांधे झाले ते मराठीमुळे. नुडीत टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे थ. ट क्यू वर आणि ड डब्ल्यूवर. घरी मी मराठी फोनेटिक वापरते, तिथे मोठा टी म्हणजे ट. सोमवारी सकाळी ऑफिसात आलं की हात अजून घरीच असतो. एकदा एका पत्रात 'पेटे' लिहायचं होतं, म्हणजे बाजारपेठ, तर 'पेथे' झालं आणि सही होऊन बाहेर गेलं. आमचे साहेब धारवाडकडचे, त्यांनी मला बोलावून विचारलं, हे पेथे कुठे आलं ओ? मी म्हटलं, मराठीत आलं सर.

ळ मात्र दोन्हीकडे मोठा एल. देवाची कृपा.

टाइपवाला_शहापूर | मंगळवार, रात्री ९.३०

अक्का, पेथे वाचून दुकानात एकटाच हसत बसलो.

अनुवादक ताई, तुमचं वाचून आज दुपारी इन्स्क्रिप्ट लावून बघितलं. मराठीत माझा वेग मिनिटाला चार शब्द, तो विषय सोडा, माझं वय झालं. पण त्या मुलीला बसवलं. तिने तासाभरात क-ग, त-द पकडलं. मग तीच मांडणी कन्नडला लावून तिला 'मदुवे' लिहायला सांगितलं, लग्नपत्रिकेत रोज लागणारा शब्द. तिने लिहिला, छान दिसत होता, पण काहीतरी खटकत होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने, तो हुक्केरीचा, बघितल्या बघितल्या सांगितलं, शेवटचा वे लांब झालाय.

आता हे काय प्रकरण?

टिळकवाडीची_अनुवादक | मंगळवार, रात्री १०.२५

दादा, हीच ती खोच. सकाळी लिहायची राहिली.

मराठीत ए एकच आणि ओ एकच. कन्नडमध्ये दोन-दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. इन्स्क्रिप्टमध्ये दीर्घ ए एस वर आहे, म्हणजे जिथे आपली मात्रा आहे तिथेच. ऱ्हस्व ए खाली झेड वर. दीर्घ ओ ए वर, आणि ऱ्हस्व ओ आकड्यांच्या ओळीत एकच्या डावीकडे जी टिंबासारखी तिरकी रेघ असते त्या कळीवर. आपल्या मराठी हाताला या दोन कळा कधी लागतच नाहीत, त्यामुळे त्या आहेत हेच बोट विसरतं. मराठी माणूस इन्स्क्रिप्टवर कन्नड लिहायला लागला की प्रत्येक ए लांब करतो. 'मदुवे'चा वे, 'मने'चा ने, 'होस'चा हो, हे सगळे ऱ्हस्व. 'होस मने' म्हणजे नवं घर. वास्तुशांतीच्या निमंत्रणात एवढे दोन शब्द असतात आणि दोन्ही चुकतात.

सगळ्यात मोठी चूक तर आपल्या गावाच्या नावात. कन्नडमध्ये बेळगावीचा बे ऱ्हस्व आहे. २०१४च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं, त्यानंतर घाईघाईने झालेल्या कितीतरी पाट्यांवर तो मी लांब बघितला आहे. पाटी रंगवणारा मराठी होता हे मला रस्त्यावरूनच कळायचं.

गोवावेस_कट्टा | मंगळवार, रात्री १०.४८

नाव बदललं म्हणजे काय? बेळगाव हे बेळगावच आहे, आणि

*(उरलेला मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नाचे चौदा धागे उघडे आहेत, त्यात लिहावे. इथे कळांबद्दल बोलू. – व्यवस्थापक)*

चिकोडी_अक्का | बुधवार, दुपारी १.२०

बघा, म्हणून नुडीत मला हा त्रास नाही. तिथे लहान ई मारलं की ऱ्हस्व, मोठं ई मारलं की दीर्घ. सहज हात गेला तर ऱ्हस्वच पडतो, आणि कन्नडमध्ये बहुतेक वेळा तोच पाहिजे असतो. ज्याने मांडणी केली त्याचं कान कन्नडचं होतं.

नंदगडचे_मास्तर | बुधवार, सायंकाळी ५.१०

अक्कांचा मुद्दा मोलाचा आहे. बरहातही कन्नडला असंच होतं. मग अनुवादक बाईंना प्रश्न. इन्स्क्रिप्ट सगळ्या भाषांना एक, हे मान्य. पण सगळ्यांना एक करताना कन्नडचा नेहमीचा स्वर झेडच्या कोपऱ्यात गेला आणि आपल्याकडे झेडची कळ फुकट पडून राहिली. हे वाटप बरोबर झालं का?

मी स्वतः नियमाचं फोनेटिकच धरीन. पण इन्स्क्रिप्टच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडली. आपला ऱ. वाऱ्यातला, दऱ्यातला, कुऱ्हाडीतला. इन्स्क्रिप्टमध्ये र जे वर आहे आणि हा ऱ शिफ्ट-जे वर. म्हणजे दर्या आणि दऱ्या यांत फरक फक्त शिफ्टचा. समुद्र आणि डोंगरातली दरी यांच्यामध्ये एक करंगळी. असं सुटसुटीत मी फोनेटिकमध्ये बघितलेलं नाही. तिथे दरवेळी काहीतरी कसरत करावी लागते.

टाइपवाला_शहापूर | बुधवार, रात्री ९.१५

मास्तर, दर्याचं नाव काढलंत म्हणून सांगतोच.

एका मंडळाची स्मरणिका होती, खानापूरच्या जंगलांवर. लेख सगळे मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या एकाच अक्षर-पद्धतीत आलेले. माझं काम जुन्या फॉन्टमध्ये, कारण माझं पेजमेकर युनिकोड घेतच नाही. मग बदलून देणाऱ्या एका प्रोग्राममधून लेख काढले. वरवर चाळलं, ठीक दिसलं, छापून टाकलं. त्या प्रोग्रामने सगळे ऱ खाऊन त्यांचे रफार केले होते. 'दऱ्याखोऱ्यांत' हा शब्द सोळा पानांत अकरा वेळा होता. सगळीकडे दर्या. मंडळाचे अध्यक्ष वयाने मोठे, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "खानापुरात समुद्र आणून ठेवलास बघ बाबा." पुढचा फर्मा, म्हणजे एकदम छापली जाणारी पानं, मी माझ्या पैशाने छापून दिला.

त्या दिवसापासून माझं मत असं झालंय की मांडणी कुठलीही असो, आतमध्ये युनिकोड पाहिजे. टाइपरायटरचं वेगळं होतं. जे दिसलं तेच खरं. गोदरेजच्या यंत्रावर मी रफार मारला तर तो कागदावर रफारच राहायचा, रात्रीत त्याचं दुसरं काही व्हायचं नाही. २००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं बंद केलं, तेव्हा कोणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं मला. हसू नका.

हिंडलगा_वेस | बुधवार, रात्री ९.४०

कशाला बोटं झिजवतासा काका, बोलून टाइप होतंय की आता. फोनसमोर बोलायचं, झालं.

टाइपवाला_शहापूर | बुधवार, रात्री ९.५२

केलं की बाबा. बोललो, "आज येत न्हाई ओ, उद्या येतो की." आलं, "आज येत नाही हो, उद्या येतो का." गिऱ्हाईक म्हणालं, मला काय विचारता, दुकान तुमचं.

मस्कतहून_निपाणी | गुरुवार, सकाळी ११.३०

मी निपाणीचाच, सध्या आखातात. मांडणीवर एवढं चाललंय, पण खुद्द कीबोर्डच्या लाकडाबद्दल कोणी बोलत नाही. लाकूड म्हणजे त्याचा सांगाडा.

इथून सुट्टीला येताना भावासाठी लॅपटॉप आणला. त्याचा एंटर उलट्या एलसारखा, उभा आणि मोठा. ब्रिटिश पद्धतीचा म्हणतात. भाऊ इन्स्क्रिप्टवाला. दोन दिवसांनी म्हणाला, अरे याच्यावर डॉक्टर लिहिताच येत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ॉ असतो बॅकस्लॅशच्या कळीवर. भारतात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डांवर ती एंटरच्या वर असते. या लॅपटॉपवर बॅकस्लॅश छापलेली कळ गेलीय डाव्या शिफ्टच्या बाजूला, आणि ॉ मात्र येतोय एंटरला चिकटून असलेल्या दुसऱ्याच कळीवर, जिच्यावर भलतंच चिन्ह छापलंय. भाऊ आठवडाभर डाक्टर, कालेज, आफिस लिहीत होता. बायको म्हणाली, तुम्ही एकदम आजोबांसारखं लिहायला लागलात.

तेव्हा त्या मुलीसाठी कीबोर्ड घेताना एंटर आडवा बघून घ्या. साधी गोष्ट आहे, पण मानक मानक म्हणतात ते इथे दोन निघतात.

निपाणी_ते_बेंगळुरू | गुरुवार, दुपारी १२.१०

दादा, अगदी. आणि ॲ चं दुखणं तुमच्या भावाला विचारा. मराठीच्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधीच्या मांडण्यांत हिंदीचा ऍ असायचा, ए वर चंद्र. आपण 'अॅ' असा जोडून काढायचो आणि अर्ध्या संगणकांवर अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचं गोल यायचं. जुन्या फायलींत माझ्या बहिणीचं आडनाव सोडून सगळं त्या गोलातून जातं, कारण ती ॲडव्होकेट.

दुकानासाठी म्हणाल तर टीव्हीएस गोल्ड घ्या. जड आहे, टाइपरायटरसारखा टकटक वाजतो. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर वाजणारा तोच आवाज. काकांना आवडेल.

टाइपवाला_शहापूर | गुरुवार, रात्री १०.००

आहे माझ्याकडे. शेजारची म्हातारी म्हणते, रात्री नऊनंतर वाजवू नको, पाऊस आल्यासारखं वाटतं.

टिळकवाडीची_अनुवादक | शुक्रवार, सकाळी ६.५५

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. वाटप बरोबर झालं का? कन्नडपुरतं बघितलं तर नाही. ज्याला आयुष्यभर फक्त कन्नड लिहायचं आहे त्याने राव यांची मांडणी धरावी, मी त्याला इन्स्क्रिप्ट शिकवायला जाणार नाही. फक्त मराठी लिहिणाऱ्याने मास्तरांचं ऐकावं. अक्कांसारखं मशीन दुसऱ्याचं असेल तर वादच मिटला.

पण जिला सकाळी पत्रिका मराठीत आणि दुपारी तीच कन्नडमध्ये करायची आहे, तिला दोन मांडण्या म्हणजे रोजचं पेथे. झेडची एक कळ जास्तीची शिकणं मला त्याहून स्वस्त वाटतं. मी ती शिकले तेव्हा पहिले सहा महिने कन्नड मजकूर संपला की फक्त ए आणि ओ शोधत परत वाचायचे. अजूनही वाचते. कालच एक 'होस' लांब निघाला.

नंदगडचे_मास्तर | शुक्रवार, सकाळी ९.३०

पटलं. माझं फोनेटिक मात्र मी सोडणार नाही. या वयात क च्या डोक्यावर ग शोधत बसलो तर नातवंडं हसतील.

टाइपवाला_शहापूर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.२०

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला.

मी ठरवलंच नाही. त्या मुलीला म्हटलं, एक आठवडा नुडी आणि मराठी फोनेटिक, एक आठवडा दोन्हीकडे इन्स्क्रिप्ट, मग तूच सांग. तिने इन्स्क्रिप्ट घेतलं. कारण विचारलं तर ते तुमच्यापैकी कोणीच दिलेलं नव्हतं. म्हणते, काका, इंग्रजी अक्षरांतून लिहिताना मला मध्येच इंग्रजी स्पेलिंगचं टेन्शन येतं, 'शी' ला एक ई की दोन, असं. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी दिसतच नाही. तिला शाळेत इंग्रजीची भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

वेग अजून वीस-बावीस शब्दांचा. मोबाइलवर मात्र ती तिचंच जुनं वापरते, त्यात मी तोंड घालत नाही. मी माझ्या रेमिंग्टनवर आहे. दुकानात आता दोन मशिनं, दोन मांडण्या, आणि चुकून एकमेकांच्या खुर्चीत बसलो की दोघंही शिव्या घालतो. म्हणजे मी घालतो, ती हसते.

आडव्या एंटरचा साधा कीबोर्ड घेऊन दिला. झेडवर आणि एकच्या डावीकडच्या कळीवर तिने स्वतःच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. मराठी लिहिताना लाल कळेला हात लावायचा नाही, कन्नड लिहिताना विसरायचा नाही. काल हुक्केरीवाल्याला तीन पत्रिका दाखवल्या. त्याने सगळे वे, ने, हो तपासले. एक चूक काढली, तीही माझी, मजकुरात तारीख चुकली होती.

चिकोडी_अक्का | रविवार, सायंकाळी ६.०५

नेलपॉलिश महिन्याभरात जातं ओ. वर पारदर्शक टेप लावा.

टाइपवाला_शहापूर | रविवार, सायंकाळी ६.४०

एकदा गेलंच होतं अक्का. परत लावलं, झेडवर आता हिरवा ठिपका आहे. विचारलं तर म्हणते, लाल संपलं.